राहिलेलं कुंकू

खरं सांगायचं तर लढाईचे ते चार दिवस मला आवडले होते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे गेले की मी स्वतःची बाजू सावरायला लागेन आणि मग हे राहून जाईल. सीमेवर गोळे पडत होते, माणसं मरत होती. आणि इथे, सीमेपासून इतक्या लांब, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात मी सकाळी उठायची ती मनातून खूश होऊन. आज काहीतरी घडणार, असं वाटायचं.

शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. शाळेत माझा आवाज ऐकला की अख्खी गॅलरी गप्प व्हायची. निवृत्त झाल्यावर तोच आवाज घरात भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरता उरला. सिंधीपुऱ्यातलं आमचं घर दुमजली. खाली आम्ही दोघं, वर भाडेकरू. मुलगी लग्न होऊन पुण्याला. आमचे हे सकाळ-संध्याकाळ तापीच्या राजघाटावर फिरायला जातात आणि मधला वेळ पेपरात डोकं घालून असतात. मला कोणी काही विचारत नव्हतं, ही माझी त्या काळातली सगळ्यात मोठी तक्रार होती.

लढाई सुरू झाली आणि मी गल्लीचा ताबा घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. ब्लॅकआउटची रंगीत तालीम कुठे कुठे होणार, याची यादी टीव्हीवर दाखवत होते. तिच्यात आमच्या शहराचं नाव मला काही दिसलं नाही, तरी मी घरोघर जाऊन दिवे कधी घालवायचे ते सांगून आले. आमच्या काचांना काळे कागद चिकटवले. दोन ड्रम पाणी भरून ठेवलं. मेणबत्त्यांची चार पाकिटं आणली, तांदूळ-डाळ भरून ठेवली, आणि दुकानात माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला मिठाचे पुडे उरले नाहीत, याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. ह्यांनी एकदाच विचारलं, "अगं, शत्रूला आपल्या केळीच्या बागांशी काय घेणं?" मी त्यांना देशद्रोही म्हणायचीच बाकी राहिले.

आणि हातात मोबाईल. निवृत्त शिक्षकांचा ग्रुप, गल्लीतल्या बायकांचा ग्रुप, माहेरचा, सासरचा. इकडून आलं की तिकडे. खरं का खोटं, हे बघायला वेळ कुणाला होता? माझ्याआधी दुसऱ्या कोणी बातमी सांगितली, की मला हातातला पेढा कोणी पळवल्यासारखं व्हायचं. पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले होते की वाचल्याशिवाय सही करू नका. मी आता न वाचताच पुढे ढकलत होते.

वरच्या मजल्यावर जी राहायची, तिचा नवरा फौजेत होता. ती सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. सासर तापीच्या खालच्या अंगाला, केळीचं गाव. चार वर्षांच्या मुलीला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून ती शहरात एकटी खोली घेऊन राहिली होती. लढाईच्या आधी माझं तिच्याकडे लक्ष होतं ते एवढंच, की ती गॅलरीत कपडे वाळत घालते आणि पाणी आमच्या तुळशीवर ठिबकतं. लढाई सुरू झाल्यावर ती एकदम माझी झाली. येईल त्या प्रत्येकाला मी तिला दाखवायची, "ही आमची फौजीण." ती बिचारी ओढणी सारखी करून हसायची.

तिचा नवरा जम्मूकडे कुठेतरी होता. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. वर खोलीत रेंज नीट नसायची म्हणून ती आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर येऊन बसायची, मुलगी मांडीवर. लढाईचा पहिला दिवस गेला, फोन नाही. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच खाली आली.

"काकू, यांचा फोन बंद सांगून राहिला. कालपासून लागूनच नाही राहिला."

"अगं, लढाई आहे. तिथे काय तुझ्याशी गप्पा मारत बसतील?"

"तसं नाही, पण एक मेसेज तरी टाकतेत ते नेहमी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आवाज चढवला, तोच, शाळेतला. "फौजीची बायको ना तू? मग डोळ्यांत पाणी आणायचं नाही. बाकीच्या बायकांनी तुझ्याकडे बघून धीर धरायचा." तिने चटकन डोळे पुसले आणि मान हलवली. मला बरं वाटलं. एका बाईला आपण खंबीर केलं, असं त्या दिवशी मी ह्यांना सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मी घरी कुंकुमार्चन ठेवलं, जवानांच्या आयुष्यासाठी. मोहिमेचं नावच कुंकवावरून, त्यामुळे कुंकवाला त्या दिवसांत एकाएकी फार मान आला होता. बुधवाऱ्यातल्या दुकानात अर्धा किलो मागितलं तर तो म्हणाला, "मॅडम, सकाळपासून हेच विकून राहिलो." कुंकुमार्चनात प्रत्येकीने समोर विड्याच्या पानावर सुपारी मांडायची, तीच देवी, आणि एकेक नाव घेत तिच्यावर चिमूट चिमूट कुंकू वाहायचं. शेवटी घरच्या बाईने सगळ्यांना हळदीकुंकू लावायचं. हे सगळं सवाष्णींनी करायचं, हेही आलंच. शाळेत असताना आठ मार्चला मी दरवर्षी भाषण ठोकायची, की नवरा गेलेल्या बाईलाही कुंकू लावा, तिला बाजूला बसवू नका. टाळ्या पडायच्या. घरी मात्र कुणाला बोलवायचं याची यादी करताना नावं आपोआप गळायची, आणि ती गळताहेत हे मला कधी जाणवलंही नाही.

ती यायला तयार नव्हती. "काकू, मी वरच थांबते. फोन आला तर?"

"फोन घेऊन ये. तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

हे धादांत खोटं होतं. ते सगळं माझ्यासाठी चाललं होतं. फौजीण नसेल तर माझ्या कुंकुमार्चनात आणि पलीकडच्या गल्लीतल्या कुंकुमार्चनात फरक काय राहिला असता?

दुपारी साडेचारला बारा बायका हॉलमध्ये बसल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलरची घरघर. ती ओळीत शेवटून तिसरी, मुलगी शेजारी, मोबाईल मांडीखाली दाबून ठेवलेला. देवीची नावं मी म्हणत होते. बाकीच्या बायका अधूनमधून एकमेकींच्या साड्या बघत होत्या, ती मात्र एकेक चिमूट अशी वाहत होती की जणू जास्त पडली तर चालणार नाही आणि कमी पडली तर मुळीच चालणार नाही. तिची बोटं पेरापर्यंत लाल झाली होती.

शेवटचं नाव झालं. मी करंडा आणायला उठले, तेवढ्यात माझा मोबाईल थरथरला. निवृत्त शिक्षकांचा ग्रुप. मी तिथेच देव्हाऱ्याजवळ उभ्या उभ्या वाचलं. आपल्या बुऱ्हाणपूरचा जवान सीमेवर शहीद. खाली हात जोडलेली चित्रं, एक तिरंगा. नाव नव्हतं. घरच्यांना कळवण्याचं काम चालू आहे, असं होतं.

मला जिन्याची पाचवी पायरी आठवली, हे खरं. पण त्याच्याही आधी एक क्षण असा होता, की हे मला आधी कळलंय, असं मनात आलं. तो क्षण मी कुणाला सांगितलेला नाही.

मी मोबाईल कमरेला खोचला आणि करंडा घेऊन ओळीने निघाले. आधी हळद, मग कुंकू. पहिली, दुसरी, तिसरी. हात आपला चालत होता आणि डोक्यात एकच, की हिला सांगायचं कसं. हिच्या गावी कोणाला फोन करायचा. एकीने मला विचारलंही, "काकू, बरं वाटत नाही का?" मी हसले.

तिच्यासमोर आले. तिने नेहमीसारखं केलं. कुंकू लावून घेताना ती डोळे मिटायची, लहान मुलीची वेणी घालताना ती कशी मान पुढे करून बसते, तशी. मी हळद लावली. मग कुंकवाची चिमूट घेतली आणि माझा हात थांबला.

काय विचार केला म्हणून सांगू? विचार केलाच नाही. आठ मार्चची भाषणं करणारी ती बाई कुठे गेली होती, मला माहीत नाही. चिमूट तिच्या कपाळापासून चार बोटांवर होती आणि ती पुढे जाईना. हिला आता लावतात का, एवढंच काहीतरी हाताला वाटलं असावं. मग तो हात मागे आला, बाजूला सरकला आणि ती चिमूट मी पुढच्या बाईच्या कपाळाला लावली.

तिने डोळे उघडले, तेव्हा मी पुढच्या बाईपाशी होते.

"काकू, माझं राहिलं."

'अगंबाई, विसरले' एवढं म्हटलं असतं आणि बोट टेकवलं असतं, तर भागलं असतं. पण मी करंड्यातच बघत राहिले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या कमरेच्या मोबाईलकडे. कपाळावर तिची रोजची टिकली, वर हळदीचं बोट आणि दोहोंच्या मधली जागा रिकामी. ती सावकाश उठली.

"काकू, सच सांगा. काय खबर आली?"

"नाही गं. नक्की काही नाही."

"नक्की नाही म्हणजे?"

तिने हात पुढे केला. मी मोबाईल दिला. बाकीच्या बायका उठून भोवती जमल्या. तिने वाचलं, आणि कूलर चालू असूनही मला तिच्या श्वासाचा आवाज आला. ती रडली नाही. मीच तिला सांगितलं होतं ना, रडायचं नाही म्हणून. तिने मोबाईल माझ्या हातात परत दिला, मुलीला कडेवर उचललं आणि जिना चढून गेली. त्या दिवसांत शेकडो निरोप मी पुढे पाठवले होते. हा एकच पाठवला नाही, तो मी हाताने पोचवला.

मागे बायकांनी रडायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, सासरी कळवा. कोणी म्हणालं, लेकरू केवढंसं आहे. देवीच्या सुपाऱ्या कुंकवात तशाच बुडालेल्या. थोड्या वेळाने हे फिरून आले. जमलेल्या बायका बघून घाबरले. त्यांनी माझा मोबाईल घेतला, चष्मा लावला आणि तो निरोप वाचला. बँकेत एवढी वर्षं सह्या तपासलेला माणूस.

"नाव कुठे आहे यात?"

"नाव नाही."

"पलटण? गाव? कुणी पाठवलं आधी?"

मी ग्रुपमधलं पाठवणाऱ्याचं नाव दाखवलं. ह्यांनी त्या पाठवणाऱ्या शिक्षकांना फोन लावला. त्यांना त्यांच्या मेव्हण्याकडून आलं होतं, मेव्हण्याला आणखी कुणाकडून. खात्री कुणालाच नव्हती. हे फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू शिक्षिका होतीस ना गं?" एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला यापेक्षा वाईट काही म्हटलेलं नाही.

मग हे वर गेले. तिला सांगितलं की बातमी खरी असेल असं नाही. पण खोटी आहे असंही कुणी सांगेना. नवऱ्याचा फोन बंदच होता. तिने सासरी कळवू दिलं नाही. म्हणाली, सासूला साखरेचा आजार आहे, ती ऐकूनच जाईल, नक्की कळेपर्यंत मी एकटीच मनात ठेवते. हे जिन्याच्या पाचव्या पायरीवर जाऊन बसले, ते रात्रभर. जेवायला आले नाहीत. मी भाताचं ताट वाढून जिन्याच्या तोंडाशी ठेवलं आणि परत फिरले. अकरा पायऱ्या आहेत आमच्या जिन्याला. त्या मी चढू शकले नाही. आमच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि पलंगावर बसले. वर मुलगी मधूनच काहीतरी विचारायची आणि ती उत्तर द्यायची. शब्द कळत नव्हते. मला कळून घ्यायचेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वर फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते. हातातली कणीक तशीच धरून मी उभी राहिले. एक मिनिटसुद्धा झालं नसेल. मग तिचा आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"काका! काका, आला! यांचा फोन आला!"

तिने काकांना हाक मारली. मी जिन्यापासून चार पावलांवर होते.

त्यांच्या पलटणीत सगळ्यांचे फोन जमा करून घेतले होते. तो धडधाकट होता. मुलीने जेवण केलं का, एवढं विचारून त्याने फोन ठेवला होता. त्याच संध्याकाळी लढाई थांबल्याचंही टीव्हीवर सांगितलं. काचांवरचे काळे कागद ह्यांनी काढले. गोंदाचे डाग अजून आहेत.

मी माफी मागितली का? नाही. मी ह्यांच्या हाती आमरसाची वाटी पाठवली. तिने वाटी घासूनपुसून परत आणली, रिकामी कशी द्यायची म्हणून सोबत गावाकडची चार केळी. म्हणाली, "काकू, रस छान झालता." नेहमीसारखं बोलली. बायकांनी आपापसात ठरवून टाकलं, की गडबडीत काकूंकडून कुंकू लावायचं राहून गेलं. एकीने तसं माझ्यासमोर म्हटलं, आणि मी मान डोलावली. तेही घेतलं मी पदरात.

पावसाळा सरताना तो सुट्टीवर आला. उंच, सावळा, केस बारीक कापलेले, तिकडच्या अक्रोडांची पिशवी घेऊन. त्याची आई गावी वाट बघत होती, तिघं दहा-बारा दिवसांसाठी तिकडे निघाले होते. जाण्याआधी खाली भेटायला आले. हे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. तो वाकून माझ्या पाया पडला.

"काकू, तुमचे एहसान नाही विसरणार मी. हिने सगळं सांगितलं मला."

सगळं?

"माझा फोन बंद होता, ही घाबरून गेलती, तर तुम्ही रातभर हिच्याजवळ बसून होत्या म्हणे. आपली आई असती तर तिने तरी काय वेगळं केलं असतं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती मुलीच्या सँडलचा पट्टा लावत होती. हे पेपरातून वर बघत नव्हते, पण पान उलटायचं थांबले होते. पाचव्या पायरीवर बसलेला माणूस समोर बसला होता आणि आभार माझे चालले होते. 'ते मी नव्हे' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मी म्हणाले, "त्यात काय एवढं."

हेसुद्धा तीनच शब्द.

तो मुलीला घेऊन गाडी काढायला बाहेर गेला. ती मागे रेंगाळली. मी तिला देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ओढलं.

"बेटा, असं का सांगितलंस त्यांना?"

तिने आधी ह्यांच्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"काकांचं नाव घेतलं असतं, तर काकू कुठे होत्या म्हणून विचारलं असतं त्यांनी. मग सारंच सांगावं लागलं असतं. त्यांना परत तिकडेच जायचंय, काकू. घरी आपल्या बायकोजवळ कोणी बाईमाणूस आहे, असं वाटू द्या त्यांना. तिकडे मन लागलं पाहिजे ना त्यांचं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "येते," म्हणाली, आणि वळली नाही. तशीच उभी राहिली. सवाष्ण घरातून निघते तेव्हा काय करायचं असतं, हे मला तिने सांगायला हवं होतं का? मी करंडा काढला. आधी हळद लावली. मग कुंकवाची चिमूट घेतली. या वेळी हात पुढे गेला आणि बोट कपाळावर टेकलं.

पण तिने डोळे मिटले नव्हते. माझ्या बोटाकडे ती बघत होती, ते निघाल्यापासून टेकेपर्यंत. त्यानंतर संक्रांत झाली, चैत्रातलं हळदीकुंकू झालं. ती दर वेळी येते, हसून मान पुढे करते, आणि डोळे उघडे ठेवते.